भाड्याची गाडी, यात्रेचे घर

चातुर्मासाची सांगता झाली की समाजातील अनेक घरांत यात्रेचे बेत आखले जाऊ लागतात. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. दक्षिण महाराष्ट्रातील कुटुंबे कुंभोज-बाहुबली आणि श्रवणबेळगोळकडे वळतात. मराठवाड्यातून कुंथलगिरी, तर खानदेशातून मांगी-तुंगी जवळ पडते. तीर्थक्षेत्री धर्मशाळा आणि भोजनशाळा यांची सोय चांगली असते; अडचण येते ती वाटेत. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळून उकळलेले पाणी, कंदमूळविरहित स्वयंपाक आणि वृद्धांसाठी स्वच्छ प्रसाधन या चार गोष्टी महामार्गावरच्या धाब्यावर एकत्र मिळणे दुर्मीळच असते.

या अडचणीवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत एक नवी कल्पना व्यापारी कुटुंबांत बोलली जाऊ लागली आहे. एखादी जुनी प्रवासी व्हॅन घ्यावी, आतील आसने काढून तीत झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय करावी आणि स्वतःचे फिरते घर घेऊन यात्रेस निघावे, अशी ही कल्पना आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, त्यामुळे ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द आता घरोघरी परिचित झाला आहे. अशा कामासाठी बाजारात सर्वांत सहज मिळणारे वाहन म्हणजे पर्यटन व्यवसायात भाड्याने चाललेली, पिवळ्या नंबरप्लेटची, बोलीभाषेत ‘टी-परमिट’ची व्हॅन. ती स्वस्त मिळते. मात्र ती स्वस्त का मिळते, हे ज्याला समजले त्यानेच तिच्या सौद्याला बसावे.

व्यावसायिक गाडी का विकतो?

भाड्याच्या व्हॅनमध्ये महाराष्ट्रात सर्वाधिक दिसते ती फोर्स ट्रॅव्हलर. बजाज टेंपो कंपनीने १९८७ मध्ये ती ‘टेंपो ट्रॅव्हलर’ या नावाने आणली आणि कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले तरी लोकांच्या तोंडी जुने नावच राहिले. दुसरी टाटा विंगर, जी २००७ पासून बाजारात आहे. दोन्ही उंच छताच्या मिळतात. आत उभे राहता येते आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. फिरत्या घरासाठी हे दोन गुण अमूल्य आहेत.

पर्यटन व्यावसायिक अशी गाडी तीन कारणांनी विकतो. पहिले कारण वयाचे. प्रवासी वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ‘फिटनेस’, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी मिळते. त्यानंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. दुसरे कारण ग्राहकांचे. लग्नाचे वऱ्हाड असो वा कंपनीचे पाहुणे, सर्वांना नवी गाडी हवी असते. तिसरे कारण हिशेबाचे. दुरुस्तीचा वार्षिक खर्च नव्या गाडीच्या कर्जहप्त्याच्या जवळ पोहोचला की व्यवहारी माणूस गाडी काढून टाकतो. पहिली दोन कारणे खरेदीदाराला अनुकूल आहेत. तिसरे प्रतिकूल आहे. समोरची गाडी यांपैकी कोणत्या कारणाने विक्रीस आली, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारावा आणि त्याचे उत्तर गाडीच्या कागदांशी ताडून पाहावे.

चाललेल्या अंतराची जुळणी

मीटरवरील आकडा हा विक्रेत्याने केलेला दावा असतो. त्याला आधारभूत पुरावा हवा. साधा हिशेब करावा. पर्यटनाची गाडी महिन्यातून वीस दिवस आणि दिवसाला सरासरी २५० किलोमीटर चालली असे गृहीत धरल्यास वर्षाचे ६० हजार आणि आठ वर्षांचे ४ लाख ८० हजार किलोमीटर होतात. अशा गाडीचा मीटर दीड लाख दाखवत असेल, तर ती बराच काळ उभी होती किंवा मीटरला कोणी हात लावला आहे, या दोनच शक्यता उरतात. यांपैकी कोणती खरी आहे, हे शोधणे व्यापारी घरातील माणसाला अवघड नाही.

चांगल्या व्यावसायिकाकडे डिझेलचा हिशेब असतो. वर्षभरात भरलेले एकूण लिटर आणि गाडीची सरासरी यांचा गुणाकार केला की चाललेले अंतर हाती येते. कार्यशाळेच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचा मीटरचा आकडा लिहिलेला असतो. बिले तारखेप्रमाणे लावली की आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत. फास्टॅगच्या उताऱ्यावरून गाडी कोणत्या मार्गांवर किती वेळा धावली हे दिसते. ज्या गाड्यांत स्थानदर्शक यंत्र बसवलेले असते, त्यांच्या धावण्याची नोंद स्वतंत्रपणे ठेवलेली असू शकते. हे चार पुरावे एकमेकांशी जुळले, तर चार लाख किलोमीटर चाललेली गाडीही विचारात घेण्याजोगी ठरते. पुरावेच नसतील, तर कमी आकडा दाखवणारी गाडी अधिक संशयास्पद मानावी. महामार्गावर नियमाने तेल बदलत धावलेले इंजिन हे शहरात थांबत-थांबत चाललेल्या आणि दुर्लक्षित इंजिनापेक्षा बहुधा सुस्थितीत असते.

पत्र्याची तपासणी

इंजिन दुरुस्त करता येते, पण गंजलेला सांगाडा दुरुस्त करणे फारसे परवडत नाही. म्हणून तपासणी खालून सुरू करावी. आतील रबरी चटई उचलून जमिनीचा पत्रा पाहावा. आसनांच्या बोल्टभोवती आणि दाराच्या पायरीखाली गंज प्रथम धरतो. छतावर सामानाची जाळी बसवली असेल तर तिच्या छिद्रांतून पावसाचे पाणी झिरपते. छताच्या आतील अस्तरावर पिवळसर डाग किंवा कुबट वास असल्यास ते गळतीचे लक्षण समजावे. अशा छताखाली लाकडी कपाटे बसवली तर दोन पावसाळ्यांत ती फुगतील.

कमानपाटे, क्लच, स्टिअरिंगमधील ढिलाई आणि ब्रेक यांची परीक्षा ओळखीच्या मिस्त्रीकडून, भारित गाडी घाटात चालवून करावी. टायरच्या बाजूवर कारखान्याचा चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण वय सात-आठ वर्षे, अशा टायरांचा खर्च किमतीतून वजा करावा. शेवटी सांगाड्यावर कोरलेला चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी एक-एक अक्षर लावून पाहावा.

कागदांतील बोजा

भाड्याची गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते आणि नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा तारणबोजा नमूद असतो. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. वित्तसंस्थेच्या ना-हरकत पत्रासह नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन नोंद रद्द होईपर्यंत बोजा कागदोपत्री कायम असतो. सौद्याची पूर्ण रक्कम बोजा उतरल्याशिवाय देऊ नये. कर्ज अजून बाकी असल्यास थकीत रक्कम थेट वित्तसंस्थेच्या खात्यात भरावी आणि केवळ उरलेली रक्कम विक्रेत्याला द्यावी.

त्यानंतर पर्यटन परवाना परत केल्याची नोंद, वाहनकराची थकबाकी, योग्यता प्रमाणपत्राची मुदत आणि सर्व राज्यांतील ई-चलने पाहावीत. परराज्यांत धावलेल्या गाडीवर तेथील दंड साचलेले असू शकतात. प्रवासी वाहन खाजगी संवर्गात आणताना खाजगी वाहनाचा कर भरावा लागतो. तो किती होईल, हे बयाणा देण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. अनेकांचा ‘स्वस्त’ सौदा या एका आकड्याने महाग होतो.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत गाडी न्यायची असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. राज्यांतर्गत विक्रीची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. विम्याचे हस्तांतरण १४ दिवसांत करून घ्यावे. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप येत नाही.

या बाबीत विक्रेत्याचेही हित गुंतलेले आहे. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईस जबाबदार. दुकानाची जुनी व्हॅन केवळ सह्या करून देऊन टाकणाऱ्या व्यापाऱ्यांनी हा निर्णय विशेषत्वाने लक्षात ठेवावा.

घर बनवण्यापूर्वी परवानगी

सर्वांत गंभीर चूक होते ती यापुढच्या टप्प्यावर. गाडी नावावर होते, ओळखीचा सुतार येतो, आसने निघतात, पलंग आणि ओटा बसतो. नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र ‘१३ आसनी प्रवासी वाहन’ तसेच राहते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्याच दुरुस्तीने विनापरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

दंडापेक्षाही मोठा धोका विम्याचा आहे. अपघात किंवा आग लागल्यावर सर्वेक्षक गाडी पाहतो. विमापत्रात तेरा आसने आणि प्रत्यक्षात गॅसची शेगडी व पलंग आढळल्यास दावा नाकारण्यासाठी कंपनीला आयते कारण मिळते. घरातील तीन पिढ्या ज्या गाडीत बसतात, तिच्या बाबतीत ही जोखीम पत्करणे शहाणपणाचे नाही.

सरळ मार्ग उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खाजगी वापराच्या ‘कॅम्पर व्हॅन’चा समावेश बिगर-परिवहन वाहनांत केलेला आहे. मोटर कॅरॅव्हॅनच्या सुरक्षेसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानकही आहे. म्हणून काम अशाच बांधणीकाराला द्यावे ज्याच्याकडे त्या विशिष्ट मॉडेलसाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी आहे. ती मंजुरी डोळ्यांनी पाहावी, तिची प्रत घेऊन परिवहन कार्यालयात दाखवावी आणि बदलाची परवानगी लेखी मिळाल्यावरच आसनाचा पहिला बोल्ट सोडवावा. काम पूर्ण झाल्यावर नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचा प्रकार व आसनसंख्या बदलून घ्यावी आणि विमा कंपनीला रूपांतराचे मूल्य लेखी कळवावे. एखाद्या जुन्या मॉडेलसाठी अशी मंजुरी मिळत नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

चाकांवरचा चौका

फिरत्या घरात वजनाचा विचार प्रथम येतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो भार. प्रवाशांची आसने निघाल्याने एकूण वजनाला सहसा वाव राहतो. परंतु टाकी, बॅटरी आणि कपाटे एकाच बाजूला आली की घाटातील वळणावर गाडी कलते. जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना विभागून आणि शक्यतो दोन्ही आसांच्या मध्ये ठेवाव्यात.

स्वयंपाकासाठी विजेची शेगडी हवी असल्यास तिचा हिशेब आधी करावा. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज मावते. दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण क्षमतेने तासभर चालली की त्यातील दोन युनिट संपतात. छतावरच्या ४०० वॅटच्या सौर पट्ट्यांना ती भरून काढण्यास चांगल्या उन्हाचे पाच-सहा तास लागतात. म्हणजे एका बॅटरीवर कुटुंबाचा एक वेळचा स्वयंपाक होतो, दोन्ही वेळचा नव्हे. गॅस वापरायचा असल्यास लहान सिलिंडर, त्यासाठी हवेशीर वेगळा कप्पा, गळतीसूचक यंत्र आणि दाराजवळ अग्निशामक या गोष्टी अनिवार्य मानाव्यात. गाडी चालू असताना शेगडी पेटवू नये आणि पलंगावर कोणी झोपू नये. प्रत्येकाने पट्टा असलेल्या आसनावरच बसावे.

येथे आपले आचरण साहाय्यक ठरते. सूर्यास्तापूर्वी भोजन करायचे असेल तर गाडी सायंकाळी पाचच्या सुमारास थांबलीच पाहिजे. मग रात्रीचा प्रवास, म्हणजे रस्त्यावरील सर्वांत धोक्याचा प्रवास, आपोआप टळतो. तीर्थक्षेत्राच्या परिसरात सांडपाणी सोडू नये. त्यासाठी स्वतंत्र टाकी ठेवून ते योग्य ठिकाणी रिकामे करावे. सामान्य ट्रॅव्हलर किंवा विंगर साडेसात टनांच्या मर्यादेत असल्याने हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. हस्तिनापूरसारखे तीर्थ राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येते आणि तेथे दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर वेळोवेळी निर्बंध आलेले आहेत. निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहावा.

बिल आणि रोख

या सौद्यात ‘बिल नको, थोडी रक्कम रोख द्या’ अशी सूचना अनेकदा येते. तिचे मूळ करात आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनावर प्राप्तिकराच्या नियमांनुसार वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो. पंधरा लाखांची गाडी आठ वर्षांनंतर वहीत जेमतेम ८६ हजारांची उरते. जुन्या वाहनाच्या विक्रीवर नोंदणीकृत व्यावसायिकाला, खरेदीच्या वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले नसल्यास, विक्री किंमत व घसारा वजा जाता उरलेले मूल्य यांतील फरकावर जीएसटी भरावा लागतो आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. गाडी सहा लाखांना विकल्यास फरक सुमारे ५ लाख १४ हजारांचा आणि कर सुमारे ९२ हजारांचा होतो. क्रेडिट घेतलेले असल्यास कर संपूर्ण किमतीवर लागतो. विक्रेत्याची अडचण समजण्याजोगी आहे. परंतु तिचे उत्तर किमतीच्या बोलणीत शोधावे, बिल टाळून नव्हे. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बिलाविना घेतलेल्या गाडीचा खरा खर्च पुढे विमा कंपनीपुढे सिद्ध करता येत नाही, हे तोट्याचे दुसरे कलम.

फिरते घर पेढीच्या वहीत टाकण्याचा मोहही आवरावा. घरगुती यात्रेच्या वाहनावर व्यवसायाचा घसारा मागता येत नाही आणि चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांवरील इनपुट टॅक्स क्रेडिट सर्वसाधारणपणे रोखलेलेच आहे. तसेच पांढऱ्या नंबरप्लेटवर आलेली ही गाडी नातलगांना भाडे आकारून देणे म्हणजे पुन्हा नियम आणि विमा दोन्ही मोडणे होय.

शेवटी गरजेचा हिशेब. समजा, गाडी साडेसहा लाखांची, रूपांतर साडेपाच लाखांचे आणि कर-कागदपत्रांचा खर्च एक लाख. एकूण १३ लाख गुंतले. सात टक्क्यांनी वार्षिक व्याज ९१ हजार, विमा व देखभाल ६० हजार आणि मूल्यातील घट ८० हजार धरल्यास वर्षाचा खर्च २ लाख ३१ हजार होतो. गाडी वर्षातून वीस दिवस वापरली तर डिझेल सोडून दिवसाला ११,५५० रुपये पडतात. साठ दिवस वापरली तर ३,८५०. दोन-तीन भावांच्या एकत्र कुटुंबाला, किंवा साधू-साध्वींच्या विहारात मागोमाग जाऊन सेवा करणाऱ्या घराला, हा खर्च योग्य वाटू शकतो. वर्षातून एकदाच निघणाऱ्या कुटुंबाने मात्र आधी चार दिवस भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन पाहावी. वापरात न येणारी वस्तू अंगणात उभी करणे हाही परिग्रहच आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अचौर्य व्रताला लागणारे अतिचार सांगितले आहेत. खोटे माप वापरणे हा त्यांतला एक आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे हा दुसरा. मीटर मागे फिरवणे हे आजच्या काळातील खोटे मापच होय. बिल टाळणे व परवानगीविना रूपांतर करणे हे नियमाचे उल्लंघन. ज्या गाडीतून बाहुबलींच्या दर्शनास जायचे, ती या दोन दोषांपासून मुक्त असावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. अशी गाडी शोधायला दोन महिने अधिक लागतील आणि लाखभर रुपये जास्त मोजावे लागतील. त्या मोबदल्यात आजी-आजोबांना आणि नातवंडांना निर्धास्तपणे तिच्यात बसवता येईल.